दिल्लीच्या पहिल्या महापौर : अरुणा आसफ अली

९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर तिरंगा फडकविणाऱ्या अरुणा आसफ अली आपणां सर्वांना पाठ्यपुस्तकांतून परिचित आहेत. पाठ्यपुस्तक मात्र बहुधा तेथेच थांबते. ज्या दिल्लीत आपली मराठी कुटुंबे येऊन स्थिरावली, त्या नगरीच्या त्या पहिल्या महापौर होत्या, हे आपल्या किती माजी विद्यार्थ्यांना ठाऊक असेल?

पूर्वाश्रमीच्या अरुणा गांगुली यांचा जन्म १६ जुलै १९०९ रोजी कालका येथे एका बंगाली कुटुंबात झाला. लाहोर व नैनीताल येथे शिक्षण घेऊन त्यांनी कलकत्त्याच्या गोखले मेमोरियल स्कूलमध्ये अध्यापन केले. (हे गोखले म्हणजे आपले गोपाळ कृष्ण गोखले, शिक्षिका म्हणून हा तपशील मला विशेष प्रिय आहे.) १९२८ मध्ये घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी वयाने वीस वर्षांहून अधिक मोठे असलेले बॅरिस्टर आसफ अली यांच्याशी विवाह केला. मिठाच्या सत्याग्रहात त्यांना कारावास घडला. १९३१ च्या गांधी-आयर्विन करारानंतरही सरकार त्यांना सोडीना, तेव्हा सोबतच्या बंदिवान स्त्रियांनी त्यांच्याविना तुरुंगाबाहेर पाऊल टाकण्यास नकार दिला. बेचाळीसनंतर त्या भूमिगत झाल्या. सरकारने त्यांची मालमत्ता जप्त करून विकली, त्यांच्यावर पाच हजारांचे इनाम लावले. खुद्द गांधीजींनी स्वाधीन होण्याचा सल्ला दिला, तरी १९४६ मध्ये वॉरंट मागे घेतले जाईपर्यंत त्या प्रकट झाल्या नाहीत.

त्यानंतर अवघ्या बारा वर्षांनी त्या राजधानीच्या प्रथम नागरिक झाल्या. दिल्लीची विधानसभा १९५६ मध्येच रद्द झाली होती. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येऊन १९४१ ची सुमारे नऊ लाखांची वस्ती १९५१ मध्ये सतरा लाखांवर गेली होती. अशा वेळी, १९५७ च्या कायद्यान्वये, एप्रिल १९५८ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली आणि चांदनी चौकातील टाउन हॉलमधून तिचा कारभार सुरू झाला. पाणी, सांडपाणी, वीज, बससेवा, प्राथमिक शाळा असा अवाढव्य संसार तिच्या पदरी पडला. महापौरपदाची मुदत मात्र एकाच वर्षाची, आणि कार्यकारी अधिकार केंद्राने नेमलेल्या आयुक्तांकडे! नवी दिल्ली व छावणीचा भाग तर पालिकेच्या कक्षेबाहेरच राहिला. कोणत्याही सत्तेपुढे न वाकलेल्या बाईंच्या वाट्याला इतके बांधलेले पद यावे, हा विरोधाभास मला नेहमी खटकतो. तथापि हे पद निव्वळ शोभेचे होते, असेही मी म्हणणार नाही. विधानसभा गमावलेल्या दिल्लीकरांनी निवडून दिलेले सभागृह त्या काळी हेच होते, आणि त्याच्या सर्वोच्च आसनावर एक स्त्री बसली होती.

पुढे 'पॅट्रियट' दैनिक व 'लिंक' साप्ताहिक यांच्या उभारणीत त्यांनी आपली शक्ती वेचली. १९९२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २९ जुलै १९९६ रोजी त्यांचे निधन झाले. भारतरत्न जाहीर झाले ते त्यानंतर, १९९७ मध्ये. दक्षिण दिल्लीतील एका मोठ्या रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.