जुन्या विमानांची ओळख : नांव, क्रमांक आणि देह

इ. स. २०१८ च्या मे महिन्याच्या ४ थ्या तारखेस दिल्लीनजीक हिंडण येथील तळावर डाकोटा जातीचें एक जुनें विमान भारतीय वायुदलांत समारंभानें दाखल करण्यांत आलें. त्याचें नांव 'परशुराम' ठेविलें असून त्याच्या अंगावर व्ही. पी. ९०५ हा क्रमांक रंगविलेला आहे. ता. २७ आक्टोबर १९४७ रोजीं १ ल्या शीख पलटणीचे शिपाई घेऊन जें पहिलें डाकोटा श्रीनगरास गेलें त्याचा क्रमांक हाच होता, असें वायुदलाकडून सांगण्यांत येतें. त्या सकाळीं डाकोटा विमानें वेळेवर पोंचलीं नसतीं तर श्रीनगरचा तळ हातीं राहता ना, हें सर्वश्रुत आहे. तेव्हां वायुदल-दिनाच्या प्रदर्शनांत हें विमान मस्तकावरून घरघरत जाऊं लागलें म्हणजे एकादा उत्साही प्रेक्षक शेजारच्या मुलास "हेंच तें श्रीनगरास उतरलेलें विमान" असें सांगतो, यांत नवल नाहीं.

परंतु हें तें विमान नव्हे. 'परशुराम' हें दुसऱ्या महायुद्धाच्या काळचें असलें तरी त्याचें उत्तरायुष्य ब्रिटनमध्यें गेलें. तेथील नागरी नोंदींत त्याची खूण जी-ए. एम. एस. व्ही. अशी होती. श्री. राजीव चंद्रशेखर यांनीं तें विकत घेऊन दुरुस्त करविलें व वायुदलास भेट दिलें. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हे स्वतः डाकोटाचे वैमानिक होते. भेट उत्तम, दुरुस्ती उत्तम, हेतूही उत्तम. फक्त अंगावरचा आंकडा दुसऱ्याचा आहे. वायुदलानें ही गोष्ट लपविलेली नाहीं. आदरार्थ तो क्रमांक घेतला आहे. तथापि अस्सल कोणतें, नक्कल कोणती व पुढें कोणीं काय जोडलें, याची छाननी करणें हाच ज्यांचा नित्याचा उद्योग, त्या संशोधकांनीं या प्रकाराकडे थोडें निरखून पाहावें असें आम्हांस वाटतें.

विमानांचीं प्रदर्शनें ही कांहीं अगदीं नवी गोष्ट नव्हे. फ्रान्समध्यें ऱ्हाँस येथें १९०९ च्या आगस्टांत पहिला मोठा मेळा भरला. आपल्याकडेही प्रयागच्या प्रदर्शनासाठीं आणलेल्या हंबर विमानांतून आंरी पेके या फ्रेंच वैमानिकानें ता. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं टपालाची थैली यमुनेपलीकडे नैनीस नेली. त्या काळीं विमान उडालें हेंच कौतुक; तें कोणत्या जातीचें याची पृच्छा क्वचितच कोणी करी. जात ओळखण्याची विद्या युद्धानें शिकविली, आणि ती रक्त सांडून शिकविली. ता. ६ सप्टेंबर १९३९ रोजीं, म्हणजे युद्ध पुकारल्याच्या तिसऱ्या दिवशीं, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ ब्रिटिश स्पिटफायर विमानांनीं ब्रिटिशांचींच दोन हरिकेन विमानें जर्मनांचीं समजून पाडलीं. त्यांत एक तरुण वैमानिक मेला. ब्रिटिश लढाऊ वैमानिकांपैकीं त्या युद्धांत मेलेला तो पहिला, आणि तो स्वपक्षाच्या गोळीनें.

पुढें १९४१ च्या जानेवारींत केवळ विमानें ओळखण्याच्या विषयास वाहिलेलें एक नियतकालिक लंडनांत निघूं लागलें. छायाकृति पाहून नांव सांगण्याच्या परीक्षा होऊं लागल्या, आणि शाळेंतलीं पोरेंही त्यांत तरबेज झालीं. १९४४ च्या जूनांत नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविलें तेव्हां जहाजांवरील तोफवाल्यांनीं आपलींच विमानें पाडूं नयेत म्हणून ७९६ निरीक्षक स्वखुशीनें जहाजांवर चढले होते. शिवाय दोस्तांच्या विमानांस काळे-पांढरे पट्टे फांसले होते तें निराळेंच. आज प्रदर्शनाच्या मैदानांत कुंपणाशीं दुर्बीण व वही घेऊन उभा राहणारा हौशी मनुष्य हा त्या निरीक्षकांचाच वारस होय.

या हौशी लोकांचें ज्ञान पाहून आम्ही अनेकदां थक्क झालों आहों. टायगर मॉथचे दुहेरी पंख किंचित् मागें वळलेले असतात, हें तर कोणीही सांगेल. परंतु हार्वर्ड विमान दृष्टीस पडण्यापूर्वीं केवळ आवाजावरून ओळखणारे लोक आहेत. त्याच्या पुढील पंख्याचीं टोंकें ध्वनीच्या वेगाजवळ पोंचतात व त्यामुळें जो कर्कश फाटका स्वर निघतो तो दुसऱ्या फार थोड्या विमानांचा असतो. डाकोटाच्या मुख्य पंखाची पुढची कड तिरपी व मागची जवळजवळ सरळ. लिबरेटरचा पंख अरुंद, लांब, पाठीवर बसविलेला, आणि शेपटीस दोन लांबट गोल पाकळ्या. ही सर्व जातीची ओळख झाली. जुन्या कागदाचें वळण पाहून तो शिवकालीन कीं पेशवाईअखेरचा हें सांगण्यासारखीच ही विद्या आहे.

परंतु वळण ओळखलें म्हणजे पत्र अस्सल ठरत नाहीं. जातीनंतर व्यक्तीची ओळख पटवावी लागते, व तेथें डोळा पुरत नाहीं. विमानाच्या सांगाड्यावर कारखान्यानें ठोकलेली धातूची पट्टी असते. सैन्यानें दिलेला क्रमांक वेगळा, नागरी नोंदीचा त्याहून वेगळा, आणि वैमानिकांनीं हौसेनें नाकाडावर रंगविलेलें नांव तर अगदींच निराळें. रंग एका दिवसांत बदलतो. पट्टीदेखील सर्वथा विश्वासार्ह नव्हे, कारण जुन्या पट्टीभोवतीं बहुतेक सर्व देह नवा घडविल्याचीं उदाहरणें आहेत. म्हणून हे हौशी लोक वर्षानुवर्षें क्रमांक टिपून ठेवितात, जुनीं छायाचित्रें ताडून पाहतात. या टिपणांपायीं कधीं त्यांच्यावर संकटही येतें. २००१ च्या नोव्हेंबरांत ग्रीस देशांत कालामाटा येथील लष्करी तळावरील प्रदर्शन पाहावयास गेलेले बारा इंग्रज व दोन डच हेर म्हणून धरले गेले. १९४१ सालीं जी वही देशसेवेचें साधन होती तीच येथें गुन्ह्याचा पुरावा झाली. १९०२ च्या नव्हे, २००२ च्या एप्रिलांत त्यांस शिक्षा झाली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत अपिलांत सर्व निर्दोष सुटले. दिल्लींतही २०१० सालीं दोन इंग्रज हौशी लोकांस अशाच संशयावरून अटक झाली होती.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतों. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन बनावटीचीं कितीएक लिबरेटर विमानें कानपुरास टाकून दिलेलीं होतीं. तीं पुन्हा उडूं नयेत अशाच बेतानें मोडतोड केलेलीं होतीं. १९४८ पासून हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनीं या ढिगाऱ्यांतून निवडून, एकाचा अवयव दुसऱ्यास लावून, चाळिसांच्या आसपास विमानें उभीं केलीं. वैमानिक मुन्शी यांनीं तीं जेमतेम उडण्याजोगीं होतांच कानपुराहून बंगळुरास नेलीं व तेथें त्यांची पक्की दुरुस्ती झाली. हीं विमानें भारतीय वायुदलांत १९६८ पर्यंत चाललीं. समुद्रावर टेहळणी करणारी सहावी तुकडी ज्या लिबरेटरांवर काम करी तीं पुण्यास लोहगावांत असत, हें आमच्या पुण्यांतील वृद्ध वाचकांस आठवत असेल. इतर देशांनीं आपलीं लिबरेटर विमानें केव्हांच वितळवून टाकलीं होतीं. यामुळें १९६८ नंतर परदेशांतील संग्रहालयांस नमुना हवा झाला तेव्हां त्यांस भारताकडे यावें लागलें.

यांपैकीं एकाची कथा विशेष बोधक आहे. तें १९४४ सालीं टेक्सासमध्यें बनलें, ब्रिटिश वायुदलांत गेलें, युद्धानंतर येथें टाकलें गेलें, आणि मग वीस वर्षें भारताच्या चाकरींत होतें. १९८१ सालीं तें एका इंग्रज संग्राहकानें नेलें. १९८४ मध्यें अमेरिकेंतील कॉलिंग्ज प्रतिष्ठानानें घेतलें. १९८९ सालीं तें पुन्हा उडालें. तेव्हांपासून त्याच्या नाकाडावर क्रमानें तीन नांवें रंगविलीं गेलीं. पहिलें 'ऑल अमेरिकन', म्हणजे इटालींतून लढलेल्या विमानाचें. दुसरें पॅसिफिकांतल्या विमानाचें. तिसरें 'विचक्राफ्ट', हें इंग्लंडांतून जर्मनीवर जाणाऱ्याचें. तीन रणक्षेत्रें झालीं, तीन थोर विमानांचीं नांवें झालीं. आणि ज्या देशानें हा देह मोडीतून उचलून जिवंत ठेविला त्याची खूण या तिन्हीं रंगांत नाहीं. प्रतिष्ठानाच्या छापील वृत्तांतांत ती हकीकत आहे, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु मैदानावरचा प्रेक्षक नाकाड वाचतो, वृत्तांत वाचीत नाहीं. याच्या उलट ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयांतील लिबरेटरावर के. एन. ७५१ हा त्याचा स्वतःचाच जुना ब्रिटिश क्रमांक आहे. भारतांत तें एच. ई. ८०७ होतें, तो थर येथेंही झाकला गेला आहेच, पण उसना मात्र कांहीं आणलेला नाहीं.

उसन्या नांवाखालीं काय गाडलें जातें याचें याहून दारुण उदाहरण त्याच प्रतिष्ठानाच्या दुसऱ्या विमानाचें आहे. 'नाइन-ओ-नाइन' नांवाचें बी-१७ जातीचें विमान ता. २ आक्टोबर २०१९ रोजीं अमेरिकेंत ब्रॅडली विमानतळावर कोसळलें व सात माणसें मेलीं. या नांवाचें मूळ विमान युद्धांत १४० स्वाऱ्या करून, एकही सैनिक न गमावतां परतलेलें होतें; परंतु युद्धानंतर तें ॲरिझोनांत मोडीत निघालें. कोसळलेलें विमान निराळें, १९४५ च्या एप्रिलांत कारखान्याबाहेर पडलेलें. त्यानें एकही स्वारी केलेली नव्हती. त्यास स्वतःचा इतिहास नव्हता काय? होता, आणि तो विलक्षण होता. १९५२ सालीं अणुबाँबच्या तीन स्फोटांचा परिणाम पाहण्यासाठीं तें नेवाडाच्या वाळवंटांत उभें केलें होतें. पुढें मोडीच्या भावानें विकलें जाऊन तें सुमारें वीस वर्षें अरण्यांतील वणवे विझवीत राहिलें. दुसऱ्याच्या १४० स्वाऱ्या अंगावर लेवून तें प्रदर्शनांत हिंडलें, व त्याच नांवानें नष्ट झालें.

यास तोतयेगिरी म्हणावें काय? आमच्या मतें नाहीं. सदाशिवरावभाऊंच्या तोतयानें आपण भाऊ असल्याचें भासवून फौज जमविली व अखेर १७७६ सालीं देहांत शासन घेतलें. येथें कोणी कोणास फसवीत नाहीं. ज्या सैनिकांचीं विमानें वितळलीं त्यांस नमस्कार करण्यास कांहीं तरी समोर हवें, ही भावना आम्हांस समजते. सिंहासनावर पादुका ठेवून भरतानें राज्य केलें तें वंद्यच आहे. पण अयोध्येंत कोणी पादुकांस राम म्हटलें नाहीं. आमचें मागणें इतकेंच कीं, ज्या विमानावर दुसऱ्याचा क्रमांक घातला असेल त्याच्या जवळ, प्रेक्षकास उभ्याउभ्या वाचतां येईल अशा फलकावर त्याचें स्वतःचें जन्मवृत्त लिहावें. 'परशुराम' जेथें जेथें जमिनीवर मांडलें जाईल तेथें हें सहज करतां येईल. ब्रिटनमधील त्याचीं वर्षें सांगितल्यानें श्रीनगरच्या वीरांचा मान कमी होत नाहीं.

गोव्यास दाबोळीनजीक नौदलाच्या विमान-संग्रहालयांत आय. एन. ३१५ क्रमांकाचें सुपर कॉन्स्टेलेशन विमान उभें आहे. शेपटीच्या तीन पाकळ्या व माशासारखा वळणदार देह यांवरून पोरही तें ओळखील. हें पूर्वीं एअर इंडियाचें 'रानी ऑफ एलोरा' होतें. तेथून वायुदलांत गेलें तेव्हां सहाव्या तुकडीबरोबर त्यानें लोहगाव पाहिलें, आणि १९७६ सालीं अशीं पांच विमानें नौदलाकडे आलीं त्यांत तें गोव्यास पोंचलें. तीन धनी झाले, तीन खुणा झाल्या. पण तिन्हीं त्याच्या स्वतःच्या. उतारूंचें विमान म्हणून आणि अखेरचें म्हणून त्याचीं चित्रें पुष्कळ मिळतात. मधला लोहगावचा काळ मात्र चित्रांत फार विरळ आहे. लष्करी तळावर छायाचित्र घेण्याची मनाई, हें त्याचें उघड कारण.

तरीही तळावर नोकरीस असलेल्या कुटुंबांच्या जुन्या संग्रहांत कोठें एकाद्या लिबरेटराच्या पंखाखालीं उभे राहून काढलेलें चित्र असण्याचा संभव आहे. १९५० ते १९७५ या काळांतील लोहगावचें असें चित्र ज्यांच्यापाशीं असेल, व ज्यांत विमानाचा क्रमांक अर्धामुर्धा कां होईना वाचतां येत असेल, त्यांनीं त्याची प्रत मंडळाकडे पाठवावी. मूळ चित्र पाठवूं नये. मात्र पाठीमागें कांहीं लिहिलेलें असल्यास त्या बाजूचीही प्रत जोडावी.