गाण्यातली स्पॅनिश, स्पॅनिशमधली अरबी

दीड वर्षापासून मी स्पॅनिश शिकतोय. क्लास नाही, शिक्षक नाही. गाणं लावायचं, ऐकू येईल तसं वहीत उतरवायचं, कोशात शब्द बघायचे आणि पुन्हा ऐकायचं. एका संध्याकाळी क्युबाचा गायक सिल्व्हिओ रॉड्रिगेझचं ‘ओहाला’ हे गाणं फोनवर चालू होतं. तोच शब्द पुनःपुन्हा येत होता. अम्मी स्वयंपाकघरातून डोकावली आणि म्हणाली, “ये क्या अल्ला-अल्ला बोल रा रे?”

मी हसलो. “अगं, स्पॅनिश आहे ते,” म्हणालो. नंतर कोश उघडला, तर अम्मीचं बरोबर निघालं. स्पॅनिश अकादमीच्या कोशानुसार ‘ओहाला’ हा शब्द अंदलुसी अरबीतल्या ‘लव शा अल्लाह’वरून आलाय. म्हणजे अल्लाहने मनात आणलं तर. लोक सर्रास ‘इन्शाअल्लाह’शी त्याचं नातं सांगतात. अर्थ तोच, पण शब्द नेमका तो नाही. क्युबातला कम्युनिस्ट वळणाचा गायक प्रेमभंगाच्या गाण्यात ओळीओळीला अल्लाहचं नाव घेतोय आणि ऐकणाऱ्या कोट्यवधी लोकांना त्याचा पत्ता नाही, याची मला फार मौज वाटली.

व्याकरणाचा एक अवघड धडाही याच शब्दाने सोपा केला. ‘ओहाला’नंतर क्रियापदाचं रूप बदलतं. इंग्रजीतून शिकणारे या रूपाला ‘सब्जंक्टिव्ह’ म्हणतात आणि त्याला घाबरतात. मीही घाबरलो होतो. डोमिनिकन गायक हुआन लुईस गेर्राचा १९८९ सालचा एक अल्बम आहे, ‘ओहाला के यूएवा काफे’. पाऊस पडतो, याला स्पॅनिशमध्ये ‘यूएवे’ म्हणतात. इथे मात्र ‘यूएवा’ आहे. हे ‘वा’ कुठून आलं म्हणून डोकं खाजवत बसलो होतो. मग लक्षात आलं, अरे, हे तर आपलं ‘पडो’ आहे! पडतो आणि पडो, होतो आणि होवो. देव करो, भलं होवो, सुखी राहो. इंग्रजीच्या वाटेने गेलं की डोंगर वाटणारी गोष्ट मराठीच्या दारातून शिरलं की ओळखीची निघते. हा मेळ तंतोतंत नाही, स्पॅनिश हे रूप आणखी पन्नास ठिकाणी वापरते. पण पाय ठेवायला जागा मिळाली.

दुसरी गोष्ट मला मकतबने शिकवली. लहानपणी हाफिजजी छडी घेऊन बसायचे. ‘अल्’ लिहिलेलं असलं तरी काही अक्षरांपुढे त्यातला लाम वाचायचा नाही, हे त्यांनी घोकून घेतलं होतं. लिहायचं अल्-रहमान, वाचायचं अर्-रहमान. पण अल्-कमर मात्र अल्-कमरच. शम्सी हुरूफ आणि कमरी हुरूफ. अरबी येत नव्हती, तरी कान तयार झाला होता. तीस वर्षांनी स्पॅनिश गाण्यांमधून आलेल्या शब्दांची यादी समोर होती: असुकार म्हणजे साखर, आरोस म्हणजे तांदूळ, असेइते म्हणजे तेल, आलगोदोन म्हणजे कापूस, आल्मोआदा म्हणजे उशी, आल्काल्दे म्हणजे नगराध्यक्ष. अस्-सुक्कर, अर्-रुझ्झ, अझ्-झैत या शब्दांत लाम गळाला. अल्-कुत्न, अल्-मिखद्दा, अल्-काझी यांत टिकला. हाफिजजींचा नियम स्पॅनिश शब्दांच्या पोटात जसाच्या तसा बसलाय. इटालियन लोकांनीही साखर आणि कापूस हे शब्द अरबीतूनच घेतले, पण त्यांनी ‘झुक्केरो’ आणि ‘कोतोने’ एवढंच घेतलं, ‘अल्’ बाहेर ठेवला. स्पेनमध्ये शब्द व्यापाऱ्याच्या गोणीतून आला नव्हता. घरात, शेतात, बाजारात रोज बोलल्या जाणाऱ्या भाषेतून आला होता.

साखरेचा प्रवास तर आपल्याच दारातून सुरू होतो. संस्कृत शर्करा, मग फारसी शकर, अरबी सुक्कर, स्पॅनिश असुकार. सेलिया क्रूझ गाता गाता मध्येच ‘असुकार!’ अशी आरोळी ठोकायची, तेव्हा मला आपल्या साखरेचा लांबचा नातेवाईक भेटल्यासारखं वाटतं. माझा सगळ्यात लाडका शब्द मात्र ‘फुलानो’. अरबी ‘फुलान’वरून आलेला. आपण ‘अमका-फलाणा’ म्हणतो, त्यातला ‘फलाणा’ तोच. ‘ओले’ हा फ्लामेंकोतला उद्गारही ‘अल्लाह’वरून आला, असं आपल्याकडचे बरेच लोक अभिमानाने सांगतात. त्याला भक्कम पुरावा नाही. खरे शब्द एवढे पडलेले असताना कच्च्या शब्दांवर हक्क सांगायची गरजही नाही.

इथून मी इतिहासात शिरलो, आणि तिथे जे सापडलं ते वहीतल्या शब्दांपेक्षा मोठं होतं. स्पॅनिश भाषेतली जुन्यातली जुनी गाणी आपल्यापर्यंत पोचली ती अरबी आणि हिब्रू लिपीत.

अंदलुसमध्ये ‘मुवश्शह’ नावाचा गीतप्रकार होता. नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमारास काब्रा गावच्या एका कवीने तो सुरू केला, असं जुने लेखक सांगतात. गीत अरबीत, नंतर ज्यू कवींनी हिब्रूतही केलेलं. पण शेवटच्या ओळी, त्यांना ‘खर्जा’ म्हणतात, अनेकदा बोली अरबीत आणि कधी कधी थेट तिथल्या स्थानिक रोमान्स बोलीत, म्हणजे स्पॅनिशच्या थोरल्या बहिणीत. त्या ओळी बहुधा मुलीच्या तोंडी असतात. ती आईला आपल्या प्रियकराविषयी सांगते, आणि त्याला ‘हबीब’ म्हणते. बाकी वाक्य रोमान्स, प्रियकर मात्र अरबी! बाराव्या-तेराव्या शतकातल्या इब्न सना अल-मुल्क या इजिप्तच्या कवीने मुवश्शहवर ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की खर्जा आधी तयार करावा आणि बाकीचं गीत त्याच्याभोवती बांधावं. दरबारातला विद्वान कवी रस्त्यावरच्या गाण्याचं शेपूट धरून आपली कविता रचत होता. जात्यावरची ओवी ऐकून पंडिताने काव्य रचावं, तसं.

शतकानुशतकं या ओळींचा अर्थ कुणाला लागत नव्हता. लिहिणाऱ्यांना ती बोली येत नव्हती. लिपीत स्वर नव्हते आणि अरबी म्हणून वाचलं तर सगळंच निरर्थक. १९४८ साली सॅम्युअल स्टर्न या हंगेरीत जन्मलेल्या, तिशीही न गाठलेल्या अभ्यासकाने हिब्रू मुवश्शहांच्या शेवटी असलेल्या वीस खर्जा स्पॅनिश म्हणून वाचून दाखवल्या. १९५२ मध्ये एमिलिओ गार्सिया गोमेझ यांनी अरबी मुवश्शहांमधल्या खर्जा पुढे आणल्या. ‘एल सिद’चं महाकाव्य हे स्पॅनिश साहित्याचं मूळ, असं तोवर शिकवलं जायचं. या ओळी त्याच्याही आधीच्या, अकराव्या शतकापर्यंत मागे जाणाऱ्या. अनेक शब्दांच्या वाचनावर अजून भांडणं चालू आहेत. पण ही भाषा पहिल्यांदा गाताना ऐकू येते ती मुसलमान आणि ज्यू कवींच्या वहीत, यावर वाद नाही.

पुढचा इतिहास मात्र गाण्यासारखा नाही. २ जानेवारी १४९२ला ग्रॅनडा पडलं. धर्म आणि रीतिरिवाज सांभाळू देण्याचा करार झाला होता, तो दहा वर्षंही टिकला नाही. ग्रॅनडाचा पहिला आर्चबिशप तालाव्हेरा मऊ स्वभावाचा होता. आपल्या पाद्र्यांनी अरबी शिकावी, असा त्याचा आग्रह. त्याच्यासाठी पेद्रो दे आल्काला याने केलेलं अरबीचं व्याकरण आणि शब्दकोश १५०५ मध्ये छापून निघाले. तोवर सक्तीची धर्मांतरं झाली होती आणि मुसलमानांचे ‘मोरिस्को’ झाले होते. १ जानेवारी १५६७ला फिलिप दुसरा याचा हुकूम ग्रॅनडात पुकारला गेला. तीन वर्षांत सगळ्यांनी कॅस्टिलियन शिकायची, त्यानंतर अरबी बोलायची नाही, लिहायची नाही, घरातसुद्धा नाही. हमामखाने बंद. आणि लग्नाकार्यातला ‘झाम्ब्रा’, म्हणजे नाचगाणं, तेही बंद. गाण्यात ख्रिस्ती धर्माविरुद्ध काही नसलं तरीही.

फ्रान्सिस्को नुन्येझ मुलाय या वयोवृद्ध मोरिस्को सरदाराने याविरुद्ध निवेदन दिलं. ते वाचताना मी दोनदा थांबलो. झाम्ब्रा हा इस्लामचा भाग नाहीच, तो या मुलुखाचा रिवाज आहे, असं तो सांगतो. इस्लामचा असता तर आफ्रिकेत आणि तुर्कस्तानातही असाच नाच असता. खुद्द तालाव्हेराच्या मिरवणुकीत आणि मिसेत झाम्ब्रा वाजायचा, याची आठवणही तो देतो. माल्टाचे आणि जेरुसलेमचे ख्रिस्ती अरबीच बोलतात, मग ते ख्रिस्ती नाहीत का? आणि ज्या म्हाताऱ्यांना जन्मभर हीच भाषा आली, ते तीन वर्षांत दुसरी कशी शिकणार? कुणी ऐकलं नाही. १५६८च्या डिसेंबरात आल्पुहाराच्या डोंगरात बंड पेटलं. बंड मोडल्यावर ग्रॅनडाचे मोरिस्को कॅस्टिलभर विखुरले गेले. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख माणसांना देशाबाहेर हाकललं.

ही ‘तीन वर्षं’ वाचून मला गोवा आठवला. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की तीन वर्षांत सगळ्यांनी पोर्तुगीज बोलायला लागावं आणि स्थानिक भाषा सोडावी. १७३६च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने लग्नात ओव्या गाण्यावर बंदी घातली. गंमत अशी की त्याच गोव्यात १६१६ मध्ये फादर स्टीफन्सने ‘क्रिस्तपुराण’ छापलं होतं, आणि तेही मराठी ओवीत. तालाव्हेरा एकीकडे आणि फिलिप दुसरीकडे, असं गोव्यातही घडलं. मधलं अंतर शंभरेक वर्षांचं.

तर, हाकललेले मोरिस्को कोणती भाषा बोलत होते? अरागॉनसारख्या भागातल्या मोरिस्कोंची अरबी कधीच सुटली होती. ते स्पॅनिश बोलायचे आणि तीच अरबी अक्षरांत लिहायचे. या लिखाणाला ‘अल्हामियादो’ म्हणतात. हजरत यूसुफ यांच्यावरचं एक लांबलचक काव्यही असंच लिहिलेलं आहे, भाषा स्पॅनिश, कथा कुरआनातली. १८८४ मध्ये आल्मोनासिद दे ला सिएर्रा गावात एक जुनं घर पाडताना खोट्या जमिनीखाली अशा हस्तलिखितांचा मोठा साठा सापडला. हकालपट्टीच्या आधी कुणीतरी ती पुस्तकं नीट रचून ठेवली होती, परत येऊ या हिशेबाने.

गेल्या महिन्यात एका कार्यक्रमानंतर एक सज्जन गृहस्थ मला म्हणाले, “मुसलमान असून तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!” असं मला वर्षाला चार-पाच वेळा तरी ऐकायला मिळतं. मी नेहमीप्रमाणे आभार मानले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. घरी येताना बसमध्ये मला ट्युनिसचा एक माणूस आठवत राहिला. त्याने आपलं नाव लिहिलेलं नाही. तो स्पेनमधून हाकलला गेलेला मोरिस्को होता. ट्युनिसमध्ये बसून त्याने प्रेम आणि लग्नसंसार यांवर एक पुस्तक लिहिलं, मुसलमानांसाठी, इस्लामच्या चौकटीत. लिहिलं स्पॅनिशमध्ये, आणि जागोजागी त्यात लोपे दे व्हेगाच्या कविता पेरल्या. त्याच्या देशाने त्याला परका ठरवून बोटीत बसवलं, तेव्हा त्या देशाच्या सगळ्यात लाडक्या कवीच्या ओळी त्याच्यासोबत ट्युनिसला गेल्या.