मायक्रोकंट्रोलरचा अधूनमधून होणारा बिघाड (कृषिपंपाचे ऑटो)

एरवी सुरळीत चालणारा मायक्रोकंट्रोलर मध्येच थिजणे, आपोआप रीसेट होणे किंवा त्यातली साठवलेली सेटिंग बिघडणे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील, सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावरच्या वळसंगसारख्या गावांत विहिरी-बोअरवरचे पंप ज्या ‘ऑटो’वर (वीज येताच मोटार आपोआप सुरू करणाऱ्या स्विचवर) चालतात, त्यात हा दोष समजून घेणे सोपे जाते. साध्या ऑटोत टायमर आणि रिले एवढेच असते. मोबाईलवरून चालणाऱ्यात मायक्रोकंट्रोलर असतो.

लाईट आली की एका डीपीवरचे (वितरण रोहित्रावरचे) सगळे ऑटो एकदम मोटारी सुरू करतात. थेट सुरू होणारी मोटार पहिल्या क्षणी पूर्णभाराच्या पाच ते सात पट करंट ओढते आणि व्होल्टेज कोसळते. डीपी जळतात म्हणून महावितरण ऑटो काढून कपॅसिटर बसवायला सांगत आले आहे. त्याच पडलेल्या व्होल्टेजचा फटका ऑटोतल्या चिपलाही बसतो, आणि दोष मात्र बहुधा प्रोग्रामवर येतो.

उदाहरणार्थ, एटीमेगा ३२८पी ही चिप १६ मेगाहर्ट्‌झवर सुमारे 3.8 व्होल्टच्या खाली भरवशाने चालत नाही. व्होल्टेज उतरल्यावर चिपला रीसेटमध्ये धरून ठेवणारी ब्राउनआउट मर्यादा मात्र अनेक तयार बोर्डांवर 2.7 व्होल्टला लावलेली असते. मधल्या पट्ट्यात चिप बंद पडत नाही, चुकीच्या आज्ञा पाळू शकते. त्याच वेळी ईईप्रॉममध्ये (सेटिंग साठवणाऱ्या स्मृतीत) लेखन चालू असेल तर नोंद बिघडू शकते. मर्यादा 4.3 व्होल्टला नेली की बरीचशी ‘भुताटकी’ थांबते. कॉन्टॅक्टरच्या कॉइलमधून उसळणारा झटका हे दुसरे कारण. त्यासाठी कॉइलवर झटका शोषणारा स्नबर आणि चिपच्या पायांशी 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा.

रीसेट कशाने झाला, वीज जाऊन, ब्राउनआउटने की वॉचडॉगने (प्रोग्राम अडकल्यास चिप रीसेट करणाऱ्या टायमरने), हे चिप एका रजिस्टरमध्ये नोंदवते. ते प्रोग्रामच्या आरंभीच वाचावे. प्रोग्रामच्या आधी चालणारे काही बूटलोडर मात्र ती नोंद पुसून टाकतात. वॉचडॉगचे रीसेट वारंवार दिसले तर स्टॅक ओसंडणे, इंटरप्टमध्ये बदलणारे व्हेरिएबल अर्धवट वाचले जाणे, असे प्रोग्राममधले दोष शोधावेत.

सुधारलेला प्रोग्राम नव्या चिपच्या फ्लॅशमध्ये (प्रोग्राम साठवणाऱ्या स्मृतीत) न चढण्याचे कारण पुष्कळदा क्षुल्लक असते. कोरी एटीमेगा १ मेगाहर्ट्‌झवर चालते, म्हणून प्रोग्रामरचे घड्याळ २५० किलोहर्ट्‌झच्या खाली ठेवावे लागते. फ्लॅशची हमी १०,००० लेखनांची, ईईप्रॉमची १,००,००० ची. त्यामुळे रोज बदलणारी पंपाची वेळ ईईप्रॉममध्येच ठेवतात, दोन प्रतींत आणि चेकसमसह.