झाडूवरची म्हातारी

आमच्या प्रोजेक्टची एक टीम रोममध्ये बसते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्याचं प्लॅनिंग करत होतो, तर सहा तारखेला तिकडचे सगळेच्या सगळे सुट्टीवर! नाताळ झाला, न्यू इयर झालं, आता हे काय नवीन? विचारलं तर एका शब्दात उत्तर आलं, "बेफाना." मग काय, शनिवारी वाचायला बसलो आणि संध्याकाळ कधी झाली कळलंच नाही.

तर बेफाना म्हणजे एक म्हातारी. लांब नाक, फाटकी शाल, झाडूवर बसून फिरणारी. ५ जानेवारीच्या रात्री ती धुराड्यातून घरात उतरते आणि मुलांनी टांगलेल्या मोज्यांत खाऊ टाकते. वात्रट मुलांना मात्र कोळसा. (हल्ली कोळसाही साखरेचा, नुसता काळा रंग दिलेला. म्हणजे वात्रटांचीही चंगळच!) तिच्यासाठी कुणी वाईनचा ग्लासही भरून ठेवतात. तीन ज्ञानी राजे बाळ येशूच्या दर्शनाला पोचले, तो ६ जानेवारीचा सण म्हणजे 'एपिफानिया'. लोकांच्या तोंडी झिजून त्याचं झालं बेफाना.

गोष्ट अशी सांगतात, की ते तिघे वाट विचारत हिच्या दारात आले आणि "तूही चल" म्हणाले. ही म्हणाली, घर झाडायचंय, वेळ नाही. नंतर हळहळली, खाऊ घेऊन मागे धावली, पण ते काही सापडले नाहीत. तेव्हापासून घरोघर खाऊ ठेवत जाते, न जाणो, याच घरात तो बाळ असला तर! खरं सांगू? सांताक्लॉजपेक्षा मला हीच जवळची वाटली. कामापायी महत्त्वाचं काहीतरी हुकलेली बाई...

पण घरातली ही म्हातारी सरकारच्या नजरेतूनही सुटली नाही. १९२८ मध्ये मुसोलिनीच्या पक्षाचा सचिव आऊगुस्तो तुराती याने 'फॅसिस्ट बेफाना' सुरू केली. व्यापारी, कारखानदार यांच्याकडून देणग्या घ्यायच्या आणि गरीब मुलांना पक्षातर्फे भेटी वाटायच्या. ऐकायला वाईट काहीच नाही. पण मोजा भरणारे आईबाप आपलं नाव कधीच सांगत नाहीत, सगळी मजा त्यातच तर आहे. इथे नाव कळावं म्हणूनच सगळा खटाटोप. तरीही पोराला घेऊन तिथे गेलेल्या आईला मी नावं ठेवणार नाही. मोज्यात घालायला घरात काहीच नसेल, तर तिने काय करावं?

राजवट गेली, तिच्यामागे तो कार्यक्रमही गेला. गरीब मुलांचा प्रश्न मात्र उरलाच. १९५४ मध्ये जान्नी रोदारी या बालसाहित्यिकाने लिहिलेल्या गोष्टीत बेफाना चक्क खेळण्यांची दुकानदारीण आहे, पैसे मोजणाऱ्यांच्याच मुलांना भेट देणारी. शेवटी खेळणीच दुकानातून पळून गरीब मुलांकडे जातात!

पुढचा घाव आला तो शुद्ध हिशेबाचा. सुट्टी आणि रविवार यांच्यामध्ये रजा टाकून लाँग वीकएंड करण्याला इटलीत 'पोंते' म्हणतात, म्हणजे पूल. (आपण नुसतंच करतो, नाव दिलेलं नाही.) कामाचे दिवस वाया जातात म्हणून मार्च १९७७ च्या कायद्याने बऱ्याच धार्मिक सुट्ट्या रद्द झाल्या, त्यात ६ जानेवारीही गेली. चर्चनेही सण जवळच्या रविवारी सरकवला. १९७८ ते १९८५, अशी आठ वर्षं कॅलेंडरात ही तारीख साधी होती. मोजे रात्री भरले जायचेच, पण सकाळी ते उघडताना बघायला आईबापांना निवांतपणा कुठला?

१९८४ मध्ये इटली आणि व्हॅटिकन यांच्यात नवा करार झाला. त्यानंतर २८ डिसेंबर १९८५ च्या हुकुमाने सुट्टी परत आली, सणाच्या जेमतेम नऊ दिवस आधी. म्हणजे शेवटच्या क्षणी रिलीज करण्याची खोड आपल्याच धंद्याची आहे असं नाही!

असो. आमचं डिप्लॉयमेंट मी गुपचूप सात तारखेवर टाकलं.