फुटबॉलचे नियम न्याय्य आहेत का?

नवी मुंबईतील नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २५ ऑक्टोबर २०१७ रोजी सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक स्पर्धेचा उपांत्य सामना झाला. स्पेन आणि माली आमनेसामने होते. उत्तरार्धात स्पेन २-० ने आघाडीवर असताना मालीच्या चेक ओमर डुकुरेने लांबून मारलेला जोरदार फटका गोलच्या आडव्या खांबाला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. चेंडू गोलरेषेच्या आत पडल्याचे फेरचित्रणात दिसले. पंचांना ते दिसले नाही आणि गोल दिला गेला नाही. स्पेनने सामना ३-१ असा जिंकला. फुटबॉल फारसा न पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या मनात अशा वेळी साधा प्रश्न येतो. घरी बसलेल्या माणसाला जे दिसते, ते निर्णय देणाऱ्याला का दिसू नये?

विठ्ठलवाडी, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या प्रेक्षकाला हा प्रश्न अधिकच बोचतो, कारण त्याची नजर क्रिकेटवर घडलेली असते. विठ्ठलवाडीहून लोकलने ठाणे आणि तिथून ट्रान्स हार्बर मार्गाने नेरुळ गाठले की जे मैदान लागते, तिथेच गेल्या काही वर्षांत या खेळाच्या नियमांविषयीचे अनेक प्रश्न प्रत्यक्ष उभे राहिले.

गोलरेषेचा नियम मुळात सोपा आहे. संपूर्ण चेंडू संपूर्ण रेषेपलीकडे गेला पाहिजे. चेंडूचा कणभर भाग रेषेवर तरंगत असला तरी तो खेळात असतो. २०२२ च्या विश्वचषकात जपानने स्पेनविरुद्ध केलेला विजयी गोल याच नियमाने वैध ठरला. बाहेर गेलेला वाटणारा चेंडू अवघ्या काही मिलिमीटरने रेषेवर होता आणि त्या गोलाची परिणती जर्मनीच्या गच्छंतीत झाली. अडचण नियमाची नसून डोळ्यांची होती. २०१० च्या विश्वचषकात इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा जर्मनीविरुद्धचा स्पष्ट गोल नाकारला गेला, तेव्हा कुठे २०१२ मध्ये गोलरेषा तंत्रज्ञानाला मान्यता मिळाली. २०१४ च्या विश्वचषकात ते वापरले गेले आणि २०१८ च्या विश्वचषकात ‘व्हीएआर’, म्हणजे चित्रफीत पाहून पंचांना साह्य करणारी यंत्रणा, आली. पण ही व्यवस्था खर्चिक असल्याने प्रत्येक स्पर्धेत नसते. मालीच्या मुलांच्या वाट्याला ती आली नाही. म्हणजे एकाच खेळातला न्याय स्पर्धेच्या ऐपतीप्रमाणे बदलतो, आणि या आक्षेपाला आजही समाधानकारक उत्तर नाही.

नियम करतो कोण, हेही पाहण्याजोगे आहे. १८८६ मध्ये स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटना मंडळ खेळाचे १७ नियम ठरवते. त्यात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांना प्रत्येकी एक आणि ‘फिफा’ला चार मते आहेत. बदलासाठी तीन चतुर्थांश, म्हणजे सहा मते लागतात. भारतासह उरलेल्या जगाचे म्हणणे ‘फिफा’च्या चार मतांतूनच पोहोचते. बदल धिमे का होतात, याचे एक कारण इथे सापडते.

नवख्या प्रेक्षकाला सर्वांत जाचक वाटतो तो ऑफसाइड. क्रिकेटमधल्या पायचीतसारखीच त्याची गत आहे. समजेपर्यंत अन्याय वाटतो. सहकाऱ्याने चेंडू खेळवला त्या क्षणी प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या भागात असलेला खेळाडू चेंडूच्याही पुढे आणि शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड स्थितीत असतो. नुसते तिथे उभे राहणे हा गुन्हा नव्हे, खेळात भाग घेणे हा गुन्हा. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नर किकवर तो लागूच होत नाही. हा नियम नसता तर एकदोघांना गोलपाशी उभे करून लांबून चेंडू भिरकावणे एवढाच खेळ उरला असता. पूर्वी पुढे तीन प्रतिस्पर्धी असावे लागत. १९२५ मध्ये ती संख्या दोनवर आली आणि १९९० मध्ये बरोबरीच्या रेषेत असलेल्या आक्रमकाला निर्दोष ठरवले गेले. दोन्ही बदल आक्रमकाच्या बाजूचे होते. आता यंत्राने बोटभर अंतरही मोजले जाते. ज्या लाभासाठी नियम झाला तो बोटभर अंतराने मिळतो का, हा प्रेक्षकाचा प्रश्न मात्र खोडून काढता येत नाही.

हाताने अडवलेल्या गोलाचा प्रश्न याहून अवघड आहे. २ जुलै २०१० रोजी घानाविरुद्ध उरुग्वेच्या लुईस सुआरेझने अखेरच्या क्षणी गोलरेषेवर चेंडू हाताने थोपवला. त्याला लाल कार्ड मिळाले, घानाला पेनल्टी मिळाली. ती असामोआ ग्यानने आडव्या खांबावर मारली आणि पुढे टायब्रेकरमध्ये उरुग्वे ४-२ ने जिंकला. नियम अक्षरशः पाळला गेला, तरीही गुन्हा करणाऱ्याचा फायदा झाला. रग्बीत अशा प्रसंगी पंच थेट गुण बहाल करू शकतात. फुटबॉलमध्ये न झालेला गोल देण्याचा अधिकार पंचांना नाही.

आणि टायब्रेकर? दोन तासांच्या सांघिक खेळाचा निकाल एकेकट्याच्या किकवर लावणे अनेकांना लॉटरीसारखे वाटते. परंतु १९७० मध्ये ही पद्धत येण्यापूर्वी खरोखरच नाणे उडवले जाई. १९६८ च्या युरोपीय स्पर्धेत इटली अंतिम फेरीत पोहोचला तो नाणेफेकीवर. पहिला गोल करणारा विजेता ठरवणारा ‘गोल्डन गोल’ही १९९८ आणि २००२ च्या विश्वचषकांत वापरून पाहिला गेला व नंतर सोडून दिला गेला. क्रिकेटच्या चाहत्यांनी याबाबत फुटबॉलला फार हसू नये. १४ जुलै २०१९ चा अंतिम सामना चौकार-षटकार मोजून इंग्लंडला दिला गेला आणि तो नियम त्याच वर्षी रद्द करावा लागला.

मुंबईकरांना हा घाव २०२३ च्या मार्चमध्ये बसला. इंडियन सुपर लीगच्या साखळीत ४६ गुणांसह अव्वल राहिलेल्या मुंबई सिटीने लीग शील्ड मिळवले. पण उपांत्य फेरीत बेंगळुरूविरुद्ध दोन सामन्यांची बेरीज २-२ अशी झाली आणि टायब्रेकरमध्ये मुंबई ८-९ ने हरली. हंगामभर सर्वांत चांगला खेळलेला संघ करंडकाच्या अंतिम सामन्यात नव्हता. त्याआधीच्या फेरीत, ३ मार्च २०२३ रोजी, याच बेंगळुरूसाठी सुनील छेत्रीने केरळा ब्लास्टर्सची भिंत उभी राहण्यापूर्वीच जादा वेळेत फ्री किक मारून गोल केला. पंचांनी शिटीची वाट पाहण्यास सांगितले नसेल तर झटपट फ्री किक वैध असते; वाद होता तो पंचांनी तसे सांगितले होते का, यावर. केरळच्या संघाने मैदान सोडले. सामना बेंगळुरूला बहाल झाला आणि भारतीय फुटबॉल महासंघाने केरळला ४ कोटी रुपयांचा दंड केला.

सर्वांत कठोर प्रसंग पुन्हा नेरुळचाच आहे. जानेवारी २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई चषकाचे यजमानपद भारताकडे होते. २० तारखेला इराणशी ०-० बरोबरी झाली. २३ तारखेला चिनी तैपेईविरुद्ध मात्र करोनाच्या लागणीमुळे भारताला १३ खेळाडूही उभे करता आले नाहीत. खेळाच्या मूळ नियमांनुसार सात खेळाडूंनिशीही सामना सुरू होऊ शकतो. किमान १३ ची अट स्पर्धेच्या करोनाविषयक नियमावलीची होती. तिच्यानुसार भारताने माघार घेतल्याचे मानले गेले, सामना पुढे ढकलला गेला नाही आणि इराणविरुद्धचा निकालही रद्दबातल ठरला. २०२३ च्या विश्वचषकाची वाट त्याच संध्याकाळी, एकही पराभव न होता, बंद झाली.

त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला या मैदानावर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले. तो एकमेव गोल कोलंबियाच्याच बचावपटूकडून झालेला स्वयंगोल होता. त्यावर कोणी आक्षेप घेतला नाही.