मेइजी जपानमधील इंग्रजीचे अध्यापक आणि जादा कामाचा मोबदला

मेइजी राजवटीच्या प्रारंभी जपानने पाश्चात्त्य विद्या संपादन करण्यासाठी परदेशी तज्ज्ञ मोठ्या संख्येने वेतनावर नेमले. त्यांना जपानी भाषेत ‘ओयातोई’, म्हणजे भाडोत्री नेमलेले, असे म्हणत. १८७५ च्या सुमारास एकट्या सरकारी नोकरीत असे पाचशेहून अधिक लोक होते. या प्रयोगाचे वर्णन बहुधा ज्ञानाच्या देवघेवीच्या अंगाने केले जाते. परंतु तो वेतनाच्या इतिहासातीलही एक लक्षणीय प्रयोग होता. ओसाका येथील टांकसाळीचा प्रमुख टॉमस किंडर यास दरमहा १०४५ येन मिळत, त्या वेळी खुद्द महामंत्री सान्जो सानेतोमी यांचे वेतन ८०० येन होते. राज्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्यापेक्षा परक्या चाकराला अधिक द्रव्य देणारे सरकार त्या मोबदल्यात कामाचे नेमके कोणते माप ठरवीत होते, हा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. त्यासाठी इंग्रजी शिकविणाऱ्यांचे उदाहरण विशेष बोधक आहे. कारण टांकसाळीतील नाण्यांप्रमाणे अध्यापकाचे काम मोजता येत नाही.

या नेमणुकांच्या करारांत मुदत, मासिक वेतन, राहण्याची व्यवस्था आणि व्यापारधंदा न करण्याची अट या गोष्टी काळजीपूर्वक नमूद केलेल्या असत. पण कामाची मर्यादा मात्र शिथिल राही. विश्रांतीच्या दिवसाचाच प्रश्न घ्यावा. जुन्या प्रघातानुसार सरकारी सुटी महिन्याच्या ज्या तारखांच्या अखेरी एक किंवा सहा येई त्या दिवशी असे. ख्रिस्ती अध्यापकांना हवा असलेला रविवार त्यात केवळ योगायोगानेच येई. टोकियोतील सरकारी विद्यालयात विल्यम ग्रिफिस आणि त्याचे सहकारी यांनी रविवारी काम करण्यास विरोध केला तो या पार्श्वभूमीवर. त्यांचा आक्षेप धार्मिक होता हे खरे. तथापि त्याच्या पोटात कामाच्या दिवसांचा हिशेबही होता. १८७६ पासून रविवार हीच सरकारी सुटी झाली आणि हा वाद संपला. कराराबाहेरच्या तासांचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

लाफ्काडिओ हर्न याच्या चौदा वर्षांच्या जपानी कारकिर्दीत हा प्रश्न जितका स्पष्ट दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल. १८९० मध्ये मात्सुए येथे त्याची नेमणूक झाली ती एकाच करारान्वये दोन संस्थांत, माध्यमिक शाळेत आणि अध्यापक विद्यालयात, शिकविण्यासाठी. वेतन दरमहा १०० येन, दोन्हींचे मिळून. १८९१ च्या अखेरीस तो कुमामोतोच्या उच्च विद्यालयात गेला; तेथे वेतन २०० येन झाले, पण शिकविण्याचे तास आठवड्याला सुमारे २७ होते आणि इंग्रजीबरोबर लॅटिनही त्याच्याच माथी आले. १८९६ मध्ये टोकियोच्या साम्राज्य विद्यापीठात प्रारंभी ४०० येन मिळाले आणि तास राहिले १२. महिन्याचे चार आठवडे धरून गणित केल्यास कुमामोतोत तासाला दोन येनही पडत नव्हते. टोकियोत ते आठांच्या वर गेले. माणूस तोच, विषय तोच. मोबदला श्रमाच्या मापाने नव्हे तर संस्थेच्या प्रतिष्ठेने ठरत होता, हे या आकड्यांवरून उघड होते.

याच सुमारास हर्नने जपानी नागरिकत्व घेऊन कोइझुमी याकुमो हे नाव धारण केले. पत्नी सेत्सु आणि मुले यांचा वारसाहक्क सुरक्षित राहावा हा त्यामागील मुख्य हेतू. जपानी प्रजाजन झाल्यास वेतनही जपानी प्रमाणाने मिळेल, ही धास्ती त्याला होतीच. त्याला विद्यापीठात आणणारे तोयामा मासाकाझू यांच्या पाठिंब्यामुळे ती तूर्त खरी ठरली नाही. परंतु १९०० मध्ये तोयामा निवर्तले, आणि कराराच्या कागदात जे नव्हते ते एका व्यक्तीच्या सद्भावनेवर किती अवलंबून होते हे लवकरच दिसून आले. परदेशी प्राध्यापकांना काही वर्षांच्या सेवेनंतर मिळणारी दीर्घ रजा हर्नने मागितली, तेव्हा तो जपानी असल्याने ती त्याला लागू नाही असे ठरले. १९०३ च्या जानेवारीत, मार्चअखेर करार संपत असल्याची सूचना त्यास देण्यात आली. विद्यार्थ्यांनी निषेध केल्यावर तास आणि वेतन दोन्ही कमी करून राहण्याचा प्रस्ताव आला. हर्नने तो नाकारला. सवलतीच्या वेळी जपानी आणि खर्चाच्या वेळी परदेशी, अशी ही दुहेरी मोजणी होती. विद्यापीठाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे: परदेशांत शिकून आलेले जपानी विद्वान आता उपलब्ध होते, आणि परक्यांची जागा त्यांनी घ्यावी हे धोरण मुळात अन्याय्य नव्हते. अन्याय होता तो काम न मोजता माणसाचे कुल मोजण्यात. भारतीय वाचकास येथे जगदीशचंद्र बसू यांचे स्मरण होईल. १८८५ मध्ये प्रेसिडेन्सी महाविद्यालयात युरोपीय सहकाऱ्यांपेक्षा कमी ठरविलेले वेतन त्यांनी तीन वर्षे स्वीकारलेच नाही.

हर्नच्या व्याख्यानांविषयी आणखी एक बाब नोंदण्याजोगी आहे. विद्यार्थ्यांना शब्दन् शब्द उतरून घेता यावा म्हणून तो अत्यंत संथपणे बोलत असे. ही टिपणे इतकी पूर्ण होती की १९१५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, त्यांवरूनच जॉन अर्स्किन याने दोन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. बारा तासांच्या वेतनात एक ग्रंथसंपदा अंतर्भूत होती, आणि तिचा उल्लेख कोणत्याही करारात नव्हता. १९०४ मध्ये वासेदा या खाजगी विद्यापीठाने त्यास आठवड्याला चार तासांसाठी वर्षाला २००० येन देऊ केले. सरकारी विद्यापीठाहूनही हा दर चढा होता; पण त्याच वर्षी २६ सप्टेंबरला हर्नचे निधन झाले.

त्याच्या जागी जे नेमले गेले त्यांत नात्सुमे सोसेकी हे होते. पूर्वी १८९५ मध्ये मात्सुयामाच्या माध्यमिक शाळेत त्यांना ८० येन मिळाले होते, मुख्याध्यापकापेक्षाही अधिक. कारण ती जागा आधी एका अमेरिकन शिक्षकाची होती आणि चढे वेतन त्या जागेला चिकटून राहिले होते. टोकियोत मात्र उलटे झाले. सहा तासांसाठी वर्षाला ८०० येन, म्हणजे तासाला तीन येनांहून कमी. हर्नच्या दराच्या जवळजवळ एकतृतीयांश. म्हणून सोसेकींना त्याच वेळी फर्स्ट हायस्कूल या उच्च विद्यालयात ७०० येनांवर आणि १९०४ पासून मेइजी विद्यापीठात दरमहा ३० येनांवर शिकवावे लागले. एका नोकरीचे अपुरे वेतन दुसऱ्या दोन नोकऱ्यांनी भरून काढावयाचे, असा हा क्रम होता.

फेब्रुवारी १९०६ मध्ये विद्यापीठाने त्यांच्यावर इंग्रजीच्या परीक्षेचे काम सोपविले. सोसेकींनी ते नाकारले. आपले मित्र आनेसाकी मासाहारू यांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी मांडलेल्या म्हणण्याचा आशय असा की, व्याख्याता हा व्याख्यानांपुरता बोलावलेला असतो. विभागाच्या निर्णयांत ज्यांना मत आहे आणि प्राध्यापकपदाचे लाभ जे घेतात, त्यांनीच ती दगदग सोसावी. जादा काम हे आपोआप कर्तव्य ठरत नाही, हे तत्त्व एखाद्या अध्यापकाने त्या काळी इतक्या स्वच्छपणे मांडावे ही असामान्य गोष्ट होय. (जादा तासांसाठी वाढीव दर आणि राष्ट्रीयत्वावरून वेतनात भेद करण्यास बंदी, या गोष्टी जपानच्या कायद्यात १९४७ मध्ये आल्या, आणि १९७१ च्या कायद्याने सरकारी शाळांतील शिक्षकांना जादा तासांच्या मोबदल्याऐवजी वेतनाच्या चार टक्क्यांचा ठराविक भत्ता लावून दिला.) याच १९०६ च्या एप्रिलमध्ये त्यांची ‘बोच्चान’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तीतील ४० येनांवर नेमलेला तरुण शिक्षक शाळेतील रात्रपाळीविषयी कुरकुरतो, कारण भरपूर वेतन घेणाऱ्या वरिष्ठांना ती माफ असते. कादंबरीला चरित्राचा पुरावा मानणे धोक्याचे. पण या दोन घटनांमधील अंतर जेमतेम दोन महिन्यांचे आहे.

१९०७ मध्ये सोसेकींना प्राध्यापकपद देऊ करण्यात आले, तरी त्यांनी अध्यापन सोडून आसाही वृत्तपत्राची नोकरी धरली. त्या वेळी लिहिलेल्या निवेदनात, ८०० येनांत घर चालत नसल्यामुळे दोनतीन शाळांतून धावपळ करावी लागे, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. नव्या नोकरीचे वेतन दरमहा २०० येन होते. ती स्वीकारण्यापूर्वी आपण वर्षात किती आणि कोणते लेखन द्यावयाचे, बक्षिसाची रक्कम किती, आणि लेखन लोकप्रिय झाले नाही तरी नोकरीची हमी कोण देणार, या गोष्टींचा त्यांनी पत्रव्यवहाराने एकेक करून खुलासा करून घेतला.