फ्यूज उडाला, पण का? जुन्या गाडीतल्या विजेची गोष्ट

जुन्या वस्तूंच्या इतिहासावरच्या आपल्या गप्पांमध्ये आज अगदी लहान वस्तू घेतली आहे. बोटाच्या दोन पेरांएवढी काचेची नळी, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या आणि आत एक बारीक तार. फ्यूज. इंदूर, बेळगाव, हैदराबाद, बडोदा, जिथे जिथे आपली माणसं वडिलांची ॲम्बॅसेडर किंवा पद्मिनी अजून सांभाळून आहेत, तिथून एकच प्रश्न येतो: फ्यूज बदलला की दोन दिवसांत पुन्हा उडतो, काय करावं? याचं अर्धं उत्तर गॅरेजमध्ये आहे आणि अर्धं इतिहासात. मी इतिहासाकडून सुरुवात करतो.

फ्यूज मोटारीपेक्षा जुना आहे. १८४७ मध्ये ब्रेगे नावाच्या फ्रेंच तंत्रज्ञाने सुचवलं, की तारघरात शिरणाऱ्या तारेचा थोडा भाग मुद्दाम बारीक ठेवावा. वीज कोसळली तर तो बारीक तुकडा वितळेल, आतली यंत्रं आणि माणसं वाचतील. पुढे १८९० मध्ये एडिसनने आपल्या वीजपुरवठ्याच्या व्यवस्थेसाठी फ्यूजचं पेटंट घेतलं. कल्पना तीच होती. साखळीतली एक कडी आपण मुद्दाम कमजोर ठेवायची, म्हणजे तुटायचं झालं तर ती आपल्याला माहीत असलेल्या जागी तुटेल.

सुरुवातीच्या मोटारींना याची फार गरज नव्हती. दिवे कार्बाइडच्या गॅसवर जळत आणि इंजिन हँडल मारून सुरू करत. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने विजेचा सेल्फ बसवला आणि चित्र बदललं. मोठी बॅटरी आली, ती भरायला डायनॅमो आला, मग विजेचे दिवे, हॉर्न, वायपर. तारा वाचवायला एक युक्ती रूढ झाली: बॅटरीचं एक टोक थेट गाडीच्या पत्र्याला जोडायचं. दिव्याला एकच तार न्यायची, परतीचा रस्ता पत्रा. यालाच आपण अर्थ म्हणतो. युक्ती स्वस्त होती, पण गाडीतल्या कुठल्याही तारेचं आवरण कुठेही घासलं गेलं की पत्रा तयारच. फ्यूजमागून आलेली तार पत्र्याला लागली की फ्यूज उडतो. तारेवर फ्यूजच नसेल, तर तार स्वतः फ्यूज होते आणि तिच्याबरोबर गाडीही पेटू शकते.

आता भारताकडे येऊ. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर सरकारने धोरण ठरवलं, की इथे गाडी बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या, नुसती जोडणी करणाऱ्या कंपन्यांना जागा नाही. मुंबईत १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स निघून गेली, फोर्डही गेली. पुढची तीन दशकं रस्त्यावर मुख्यतः दोन घराणी दिसली. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेली ॲम्बॅसेडर, आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, कुर्ल्यात बनणारी फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी. एक ब्रिटिश वळणाची, दुसरी इटालियन. विजेच्या बाबतीतही दोघींचे संस्कार वेगळे होते.

मॉरिस ऑक्सफर्डच्या पिढीतल्या ब्रिटिश गाड्यांमध्ये बर्मिंगहॅमच्या लुकासचं सामान असे. फ्यूज अवघे दोन. एक चावीशिवाय चालणाऱ्या गोष्टींसाठी, जसा हॉर्न. दुसरा चावी फिरवल्यावर जिवंत होणाऱ्या गोष्टींसाठी: वायपर, ब्रेकचे दिवे, इंडिकेटर, पेट्रोलचा काटा. म्हणून अशा गाडीत वायपर, इंडिकेटर आणि काटा एकदम बंद पडले तर तीन बिघाड शोधू नका. एकच फ्यूज गेलेला आहे. पुढच्या मोठ्या दिव्यांना तर बहुधा फ्यूजच नसे. रात्रीच्या रस्त्यावर एकदम अंधार होऊ नये हा त्यामागचा हिशेब.

या ब्रिटिश वायरिंगची एक सोय मात्र मोठी होती, रंगांची. तपकिरी तार बॅटरीकडून थेट येणारी. पांढरी चावीनंतरची. हिरवी त्या पांढरीच्या फ्यूजपलीकडची. जांभळी तपकिरीच्या फ्यूजपलीकडची. काळी म्हणजे अर्थ. हे पाच रंग पाठ असले की निम्मी गाडी वाचता येते. मात्र आपल्याकडच्या गाडीवरून चाळीस-पन्नास वर्षांत अनेक हात फिरलेले असतात. हाताशी मिळेल ती वायर जोडलेली असते. रंगावरून अंदाज बांधा, खात्री टेस्ट दिव्याने करा.

फियाटच्या घराण्यात फ्यूज जास्त, त्यामुळे प्रत्येकावरचं ओझं कमी. पण ते काचेचे नव्हते. चिनी मातीच्या लहान कांडीवर बाहेरून धातूची पट्टी आणि दोन्ही टोकं निमुळती. पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६ चा. तो पितळी पट्ट्यांच्या चिमट्यात नुसता दाबून बसतो. कोकणात किंवा मुंबईत चार पावसाळे काढले की त्या पट्ट्यांवर हिरवा थर चढतो. थर चढला की वीज जायला अडथळा, अडथळ्याने उष्णता, उष्णतेने टोकाकडची पट्टी मऊ. ओझं काहीच वाढलेलं नसतं, तरी फ्यूज जातो. अशा वेळी नवा फ्यूज घालण्याआधी बॅटरीची वायर काढून पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासा आणि चिमटा थोडा आवळा. तेवढ्यावर काम भागतं.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आकड्यांची. जुन्या ब्रिटिश फ्यूजवर ३५ लिहिलेलं असे. त्याचा अर्थ, ३५ अँपिअरला हा उडेल. सतत पेलण्याची त्याची ताकद जवळपास निम्मी, साधारण १७. इतर बहुतेक देशांत मात्र फ्यूजवर सतत पेलण्याचा आकडा लिहितात. आज तुम्ही पुस्तकात ३५ वाचून दुकानातून त्या दुसऱ्या पद्धतीचा ३५ चा फ्यूज आणला, तर जुन्या वायरिंगला दुप्पट मोकळीक दिलीत. फ्यूज शाबूत राहील आणि डॅशबोर्डमागची तार तापत राहील. तिथे १५ ते १७ अँपिअर सतत पेलणारा फ्यूजच योग्य.

आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी! तुटवड्याच्या काळात सुटे भाग मिळत नसत. रात्री घाटात फ्यूज उडाला तर ड्रायव्हर जळक्या फ्यूजला ती चांदी गुंडाळून घर गाठत. त्यांची अडचण खरी होती, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण घरी पोचल्यावर ती काढायची असते, आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहते. माझ्या शेजारच्या काकांच्या ॲम्बॅसेडरमध्ये मी हेच पाहिलं. ब्रेक दाबला की फ्यूज उडायचा, म्हणून एका गॅरेजने चांदी गुंडाळून दिली होती. काकांना वाटलं गाडी सुधारली. मागची सीट काढली तर डिकीकडे जाणाऱ्या तारांचं आवरण हाताएवढ्या लांबीत वितळलेलं, आणि पेट्रोलची टाकी तिथून फार लांब नव्हती.

तो बिघाड शोधला तो असा. उडालेला फ्यूज, म्हणजे इथे ती चांदीही, काढली आणि त्याच्या दोन चिमट्यांमध्ये हेडलाइटचा जुना बल्ब तारांनी जोडला. चावी फिरवली, बाकी सगळं बंद. बल्ब विझलेला, म्हणजे इथवर ठीक. वायपर लावला, बल्ब मंद. ठीक. ब्रेक दाबला आणि बल्ब भक्कन पूर्ण उजेडात पेटला. याचा अर्थ वीज ब्रेकच्या दिव्यांतून न जाता वाटेतच पत्र्याला मिळते आहे. बल्ब स्वतः चारेक अँपिअरच्या वर वीज जाऊ देत नाही, त्यामुळे तार जळत नाही आणि एकामागून एक फ्यूजही वाया जात नाहीत. मग एकाने ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने तार इंचाइंचाने हलवत जायचं. डिकीच्या पत्र्यातल्या भोकापाशी हात पोचला आणि बल्ब मंद झाला. त्या भोकातलं रबर कधीच गळून गेलं होतं. तारेचा जळका तुकडा बदलला, नवं रबर बसवलं, योग्य फ्यूज घातला. खर्च किरकोळ. फक्त लक्षात ठेवा, हा बल्ब चांगलाच तापतो, कापड आणि पेट्रोलपासून लांब ठेवा. आणि तार कापण्या-जोडण्याआधी बॅटरीची वायर काढा.

उडालेला फ्यूज फेकण्याआधी उजेडात धरून पाहा. काच काळी किंवा आतून चांदीसारखी झाली असेल, तर थेट शॉर्ट. काच स्वच्छ आणि तार मध्येच तुटलेली असेल, तर ओझं हळूहळू वाढलेलं. वायपरची मोटर जड फिरते का पाहा. टोकाशी वितळला असेल, तर चिमटा सैल किंवा गंजलेला.

आणखी एक सूचना. त्या काळातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक पत्र्याला असे, आजच्या उलट. फार जुनी गाडी घेतली असेल तर आधी बॅटरीकडे बघा, मगच आजचा रेडिओ जोडा. नाहीतर रेडिओचं धातूचं खोकं पत्र्याला टेकताच शॉर्ट होईल.

२०१४ मध्ये उत्तरपाड्याचा कारखाना थांबला. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. या गाड्या हाताने, कानाने, टेस्ट दिव्याने ओळखणारे वायरमन आता वयस्क झाले आहेत. तुमच्या गावात असा कोणी असेल तर गाडी त्याच्याकडे नुसती सोडून येऊ नका. शेजारी उभे राहा, विचारा आणि लिहून ठेवा. फ्यूज दहा-वीस रुपयांत मिळतो, पण तो का उडाला हे सांगणारा माणूस बाजारात मिळत नाही.

पुढच्या भागात याच गाड्यांचा डायनॅमो उघडून बघू. नमस्कार.